शेडमधल्या बोटीची बॅटरी उतरते तेव्हा

घटस्थापनेच्या सुमारास मुळशीतला पाऊस ओसरू लागतो. शेडचा पत्रा चार महिन्यांनी पुन्हा तापायला लागतो. ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या की आतून कोंदट वास येतो. आपण बोटीवर चढून मुख्य स्विच फिरवतो आणि काहीच होत नाही. दिवा लागत नाही, पंप घरघरत नाही, रेडिओचा पडदा काळाच राहतो. सोबतचं कुणीतरी म्हणतं, "बॅटरी गेली." त्याच दुपारी पिरंगुटच्या किंवा भूगावच्या दुकानातून नवी बॅटरी येते.

त्या दुकानाकडे निघण्याआधी थोडं थांबा, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे. मी एका वर्षी असाच निघालो होतो. नवी बॅटरी बसवली, सगळं सुरू झालं, आणि तीन आठवड्यांत तीही उतरली. दोष बॅटरीत नव्हताच. तो बोटीच्या वायरिंगमध्ये होता आणि जुन्या बॅटरीप्रमाणेच नव्या बॅटरीलाही पीत होता.

पुण्यात राहून छोटी शिडाची बोट बाळगायची तर मुळशी सोयीचं पडतं. शहरात ट्रेलरसकट अठरा फुटी बोट उभी करायला जागा कुठली? पौडच्या पुढे एखादी शेड मिळते, आणि हंगाम आला की ताम्हिणी घाट उतरून विळे, निजामपूर, माणगाव करत समुद्र गाठता येतो. पण हाच तालुका पावसाचाही आहे. ताम्हिणीच्या माथ्यावर पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शेडमधली हवा ओलीच असते आणि ऊन दिसत नाही. वीज कधी जाईल, कधी येईल, सांगता येत नाही. बॅटरीच्या दृष्टीने हे चार महिने परीक्षेचे.

तरीही एक गोष्ट पक्की समजून घ्या. निरोगी बॅटरी चार महिन्यांत नुसती ठेवून मरत नाही. बोटीत, गाडीत असते ती साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी काहीही जोडलेलं नसताना महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के चार्ज गमावते. जुनी झाली की हे प्रमाण वाढतं. उष्णतेनेही वाढतं, दर दहा अंशांना जवळपास दुप्पट. म्हणून मे महिन्यात पत्र्याखाली काढलेले पंधरा दिवस तिला सगळ्यात जड जातात. पण हे सगळं धरूनही, मे-अखेरीला पूर्ण भरून ठेवलेली चांगली बॅटरी ऑक्टोबरात तीन चतुर्थांशाच्या आसपास भरलेली मिळायला हवी. ती पूर्ण रिकामी मिळाली, तर तीनपैकी एक झालेलं असतं. आपण ती भरून ठेवलीच नव्हती, ती आधीपासूनच म्हातारी होती, किंवा चार महिने कुणीतरी तिला पीत होतं. यातलं कोणतं, ते शोधायला लागतो पाचशे-हजार रुपयांचा मल्टिमीटर आणि एक निवांत दिवस.

आधी डोळ्यांनी बघा. बॅटरीच्या पेटीत पाणी साचलंय का, खोक्याला तडा आहे का, बाजू फुगल्यात का. तडा गेलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्ज करायच्या भानगडीत पडू नका. टर्मिनलवर पांढरट-निळसर भुकटी दिसली तर ती हाताने खरवडू नका, त्यात अ‍ॅसिड असतं. हातमोजे आणि चष्मा घाला. अ‍ॅसिडचा थेंब डोळ्यात उडाला तर किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरून लगेच डॉक्टरकडे जावं लागतं. म्हणून पाण्याची बादली काम सुरू करण्यापूर्वीच शेजारी भरून ठेवा. त्यानंतर वायरी बघा. ओल्या दिवसांत उंदरांना बोटीइतकी कोरडी जागा दुसरी मिळत नाही, आणि वायरीचं प्लास्टिक ते आवडीने कुरतडतात. फ्यूजच्या डबीत मुंग्यांचं वारूळ आणि स्विचमागे पालीची अंडी मी स्वतः पाहिली आहेत.

आता मीटर लावा. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून (आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, आणि जोडताना उलट क्रम) थेट शिशाच्या खुंट्यांवर मोजा. चार्जर नुकताच काढला असेल तर आकडा खोटा येतो. वरवरचा चार्ज तेरा व्होल्टही दाखवतो. रात्रभर विसावलेल्या बॅटरीचा आकडाच खरा धरायचा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या आसपास पाव. ११.८ च्या खाली गेली की ती रिकामी समजा. १२ व्होल्ट दिसले म्हणून "बाराची बॅटरी आहे, बरोबर आहे" असं समजणारे खूप भेटतात. बाराच्या बॅटरीत बारा व्होल्ट उरले म्हणजे ती जवळपास संपली.

आकडा १२.५ असूनही बोटीत काही चालत नसेल, तर बॅटरीला हात लावू नका. दोष बहुधा पुढे वायरीत आहे. त्याकडे मी येतोच.

आकडा १० किंवा ११ च्या आसपास असेल, तर ती भरून बघायची, पण बोटीत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एका ठिणगीने पेट घेऊ शकतो, आणि छोट्या बोटीची केबिन म्हणजे झाकण लावलेला डबाच. बॅटरी शेडमध्ये उघड्यावर आणा. साठ एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी पंधरा किलोच्या आसपास भरते, ती जपून उतरवा. झाकणं उघडणारी असेल तर पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या झाकल्या जातील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. उरलेली पातळी चार्ज झाल्यावर भरायची, आधी भरली तर चार्जिंगमध्ये अ‍ॅसिड बाहेर येतं. विहिरीचं, नळाचं किंवा बाटलीबंद पिण्याचं पाणी चालत नाही. आणि रस्त्याकडेला कुणी "जुनं अ‍ॅसिड काढून नवं घालून देतो" म्हणालं तर नको म्हणा. उतरलेल्या बॅटरीतलं गंधकाम्ल कुठे नाहीसं झालेलं नसतं. ते सल्फेट होऊन प्लेटांवर बसलेलं असतं. त्यावर नवं अ‍ॅसिड ओतलं की प्लेटा अधिक लवकर जातात.

चार्जिंग सावकाश करायचं. साठ एएचच्या बॅटरीला तीन ते सहा अँपिअर पुरे, मग वेळ लागला तर लागू दे. दुकानात दिलीत तरी "स्लो चार्जिंगला ठेवा" असं बजावून सांगा. दोन तासांत फास्ट चार्ज करून मिळालेली बॅटरी बहुधा वरवरच भरलेली असते. इथे एक अडचण हमखास येते. हल्लीचे बरेच ऑटोमॅटिक चार्जर फार उतरलेली बॅटरी ओळखतच नाहीत. आठ-नऊ व्होल्टच्या खाली असली की लाल दिवा लावून बसतात, आणि आपण समजतो बॅटरी मेली. अशा वेळी साध्या, हाताने चालवायच्या चार्जरवर एक-दोन अँपिअरने तासभर ठेवली की ती वर येते आणि मग ऑटोमॅटिक चार्जर तिला स्वीकारतो. या तासाभरात जवळून हलू नका, दर दहा मिनिटांनी खोक्याला हात लावून बघा.

बॅटरी जिवंत आहे की नाही, हे चार्जिंगच्या पहिल्या काही तासांतच पुष्कळसं कळतं. व्होल्टेज हळूहळू चढतंय आणि करंट हळूहळू कमी होतोय, तर आशा आहे. लावल्या लावल्या व्होल्टेज पंधराला भिडलं आणि करंट जवळजवळ शून्य, तर प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसलाय. त्यातून काही बॅटऱ्या दोन-तीन दिवसांच्या संथ चार्जिंगने परत येतात, बऱ्याच येत नाहीत. आणि तास उलटले तरी काटा साडेदहाच्या पुढे सरकत नसेल, खोकं एका बाजूला गरम होत असेल, तर एक सेल शॉर्ट झाला आहे. बाराच्या बॅटरीत दोन-सव्वादोन व्होल्टचे सहा सेल असतात, त्यातला एक गेला की साडेदहा उरतात. तिथे थांबा. चार्जर भिंतीवरच्या बटणाने बंद करा आणि मगच चिमटे काढा. चालू चार्जरचे चिमटे काढताना उडणारी ठिणगी नेमकी गॅसच्या शेजारी उडते.

झाकणांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधल्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता) घ्या. मेकॅनिक अजूनही मीटरपेक्षा याच्यावर जास्त विश्वास ठेवतात, आणि त्यांचं बरोबर आहे. भरलेल्या बॅटरीत १.२६० च्या आसपास आकडा यावा. काही ट्युब्युलर बॅटऱ्या आपल्या हवेसाठी १.२४० वरच भरलेल्या मानतात, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. पण खरा अर्थ सहा आकड्यांच्या एकमेकांशी तुलनेत आहे. पाच सेल १.२५० आणि एक १.१९० असेल, तर त्या एका सेलने सगळी बॅटरी बाद केली. सहाही सारखेच कमी असतील, तर ती नुसती भुकेली आहे.

चार्ज पूर्ण झाला की तिला एक रात्र आणि एक दिवस कशालाही न जोडता ठेवा. दुसऱ्या दिवशी १२.५ च्या वर टिकली तर शेवटची परीक्षा. जुन्या गाडीचा १२ व्होल्टचा, ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब घ्या. तो साधारण साडेचार अँपिअर खेचतो. पाच तास जळू दे. निरोगी साठ एएचच्या बॅटरीतून यात तेवीस एएच जातात, म्हणजे निम्म्याहून बरेच कमी. थोडा विसावा दिल्यावर ती १२.२-१२.३ च्या वर दिसायला हवी. तास-दीड तासातच जळत्या बल्बाखाली ११.५ च्या खाली घसरली, तर तिची साठवण संपली आहे. व्होल्टेज पूर्ण दाखवून ऐनवेळी दगा देणारी बॅटरी ती हीच. ती जमिनीवर ओळखली तर बरं. अंधार पडताना बंदराच्या तोंडाशी आल्यावर दिवे गेले, तर समोरून येणाऱ्या मासेमारीच्या ट्रॉलरला तुम्ही दिसणार नाही.

समजा बॅटरी वाचली. मग तिला प्यायलं कोण?

बहुतेकांचा समज असतो की मुख्य स्विच बंद केला की सगळं बंद. बोटीत तसं नसतं. तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप मुद्दामच मुख्य स्विचच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून जोडतात. बोट पाण्यात एकटी उभी असताना तो आपोआप चालावा म्हणून. बोट पाण्यात असताना ही व्यवस्था योग्यच आहे. पण शेडमध्ये ताडपत्रीची एक कड उडते, डोलकाठीच्या भोकातून किंवा झाकणाच्या फटीतून पाणी झिरपतं, तळात जमतं, पंप सुरू होतो, पाणी काढतो, पुन्हा जमतं, पुन्हा काढतो. असं जुलैभर चालतं. ऑगस्टमध्ये बॅटरी संपते, पाणी चढत जातं आणि शेवटी बॅटरीच पाण्यात बसते. उपाय सोपा आहे आणि दरवर्षी विसरला जातो. ट्रेलरवर बोट उभी करताना तळाचं बूच काढून ठेवा आणि ट्रेलरचा पुढचा पाय उंच करून नाळ वर ठेवा. पाणी आलं तरी आपोआप वाहून जाईल. काढलेलं बूच दोरीने सुकाणूच्या दांड्याला बांधा. ते दिसल्याशिवाय बोट पाण्यात घालायची नाही.

पंपाइतकेच चोरटे, पण बारीक ग्राहक आणखीही असतात. फोन चार्ज करायच्या सॉकेटवरचा निळा दिवा, रेडिओची स्मरणशक्ती, व्होल्टेज दाखवणारी छोटी पट्टी. माझ्या बोटीत हे तिन्ही मिळून वीस मिलिअँप खात होते. एवढंसं वाटतं. पण वीस मिलिअँप गुणिले चोवीस तास गुणिले एकशे वीस दिवस, म्हणजे सत्तावन्न एएच. माझी बॅटरी साठची होती.

हे मोजायला मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीचा निगेटिव्ह खुंटा आणि काढलेली निगेटिव्ह वायर यांच्या मध्ये धरा. सगळे स्विच बंद ठेवा. मीटर अशा स्थितीत असताना पंप किंवा मोटार चालू करू नका, आणि अँपिअरवर ठेवलेला मीटर बॅटरीच्या दोन खुंट्यांवर कधीही लावू नका. तो शॉर्टच असतो. आकडा शून्य नसेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला, तो चोर. कोणताच फ्यूज काढून फरक पडला नाही, तर काहीतरी फ्यूजशिवाय थेट जोडलेलं आहे, आणि ते तर त्याच दिवशी दुरुस्त करायला हवं. सोलर पॅनेल असेल तर तेही काढून बघा. चार्ज कंट्रोलर किंवा उलट प्रवाह रोखणारा डायोड नसलेलं पॅनेल रात्री बॅटरीकडूनच थोडी वीज घेतं. ताडपत्रीखाली ते दिवसाही काही देत नाही, म्हणजे चार महिने नुसतं नुकसान.

मघाशी मागे ठेवलेला वायरींचा प्रश्न. बॅटरी भरलेली आहे आणि तरी पंप मरगळल्यासारखा फिरतो. पंप चालू ठेवून मीटरची एक काडी शिशाच्या खुंट्यावर आणि दुसरी त्याच खुंट्याच्या क्लॅम्पवर टेकवा. आकडा शून्याच्या जवळ हवा. ०.२ व्होल्ट दिसले तर तिथेच अडतंय. क्लॅम्प काढा, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशने धुवा (सोड्याचं पाणी झाकणातून सेलमध्ये जाता कामा नये), कोरडं करा, घट्ट आवळा आणि मगच वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग क्लॅम्प, हे उलटं काम पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. मग तसंच पॉझिटिव्ह खुंट्यापासून पंपाच्या पॉझिटिव्ह वायरीपर्यंत मोजा. खारी हवा लागलेल्या साध्या तांब्याच्या वायरी आतून काळ्या पडतात, बाहेरून प्लास्टिक नवंकोरं दिसतं. टोकाच्या थिंबलजवळ अर्धा इंच सोलून बघा. तार काळी निघाली तर ती घासण्यात वेळ घालवू नका, वायरच बदला, आणि कथिलाचा मुलामा दिलेल्या तारेची घ्या. महाग पडते, पण समुद्रावर जाणाऱ्या बोटीला तीच हवी.

"चार्जर लावूनच ठेवतो पावसाळाभर," असं पुष्कळजण सांगतात. मुळशीत हे जमेलच असं नाही. ज्या धरणाच्या विजेसाठी जमिनी जाताना १९२१ मध्ये मुळशीकरांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, त्याच धरणाच्या काठी पावसात फांदी तारेवर पडली की वीज जाते आणि कधीकधी दिवस उलटतो. चार्जरसाठी यात दोन धोके आहेत. काही चार्जर वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, कुणीतरी बटण दाबावं लागतं. आणि काही चार्जर वीज नसताना बॅटरीकडूनच थोडा करंट ओढतात. तुमचा चार्जर कसा वागतो ते मे महिन्यात घरी, मुद्दाम प्लग काढून आणि लावून तपासा. जुना, जाड ट्रान्सफॉर्मरचा, आपोआप बंद न होणारा चार्जर तर महिनोन्महिने लावायचाच नाही. तो बॅटरीतलं पाणी उकळून संपवतो.

माझं मत विचाराल तर मेच्या शेवटी बॅटरी बोटीतून काढून पुण्याला घरी न्यावी. हवेशीर गॅलरीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. तिथे वीज भरवशाची असते, आणि महिन्यातून एकदा मोजून १२.५ च्या खाली गेली तर एक रात्र चार्जिंग दिलं की झालं. जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते, म्हणून खाली लाकडी फळी घाला, असा सल्ला हमखास मिळेल. लाकडी पेट्या आणि रबरी खोक्यांच्या काळात तो खरा होता. आजच्या प्लास्टिकच्या खोक्याला फरशीने काही होत नाही. फळी ठेवायची तर फरशीवर अ‍ॅसिडचा डाग पडू नये म्हणून ठेवा.

लिथियमची, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर वेगळा विचार. तिच्यातलं संरक्षक सर्किट सेल फार उतरले की बॅटरी तोडून टाकतं आणि मीटरवर शून्य दिसतं. शून्य म्हणजे मेली असं नाही. एलएफपीसाठी असलेला, 'वेक-अप' सोय असलेला चार्जर तिला बहुधा उठवतो. ती साठवताना पूर्ण भरायची नसते. निम्मी ते साठ टक्के भरून, सगळ्या वायरी काढून ठेवायची. लेड-अ‍ॅसिडची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, पण दोघींचा स्वभावच उलटा आहे.

आणि बॅटरी खरोखरच गेली असेल, तर ती शेडमागे टाकू नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना दुकानदार जुनी घेतो आणि किंमत कमी करतो. फोडलेल्या बॅटरीतलं शिसं आणि अ‍ॅसिड पहिल्या पावसाबरोबर ओढ्याला लागतं, ओढा तलावाला. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं आणि ती नदी कोकणातल्या गावांमधून समुद्राला मिळते. आपण बोट घेऊन जातो त्याच समुद्राला.

बॅटरी परत बसवताना ती पट्ट्याने घट्ट बांधा, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह नंतर जोडा, आणि पंपाचा फ्लोट हाताने उचलून तो चालतो का ते बघा. मग निघा. ताम्हिणीची वळणं आणि खड्डे ट्रेलरवरच्या बोटीला चांगलंच हलवतात. माणगावला चहाला थांबाल तेव्हा बोटीवर चढून दोन्ही क्लॅम्प हाताने हलवून पाहा आणि मीटर लावा. घाटाआधी १२.७ होते आणि आता बोटीच्या पॅनेलवर ११.९ दिसताहेत, तर बॅटरी नाही, क्लॅम्प सैल झालाय. दहा नंबरचा पाना खिशात असू द्या.